पुढचा खांदा

३ फेब्रुवारी, सोमवार

साडेआठ वाजले तरी आमचे चिरंजीव अंथरुणात. हाक मारली तर म्हणतात, उठतोय बाबा, पाठ जरा सुटू दे. पाठ सुटू दे! पाठ काय दावणीला बांधलीय? ऋत्विक सत्तावीस वर्षांचा आहे, लांज्याला काजूच्या कारखान्यात मशीनवर असतो, आणि ह्या दीड महिन्यात ही चौथी रजा. उठला तो कुशीवर वळून, कॉटची कड धरून. मी एकसष्ट वर्षांचा, मी पाचला उठतो.

पाचला उठतो म्हणजे उठावंच लागतं. आमची कन्या अक्षया त्याच्या आधीपासून पडवीत फेऱ्या मारत असते. चपलांचा फटक फटक आवाज माझ्या उशाशी. व्यायाम म्हणे. दिवसभर रत्नागिरीत औषधांच्या दुकानात उभी असते, तेवढ्याने भागत नाही काय? सांगून सांगून तोंड दुखलं.

पोफळीच्या वीजघरात एकतीस वर्षं पाळीचं लॉगबुक लिहिलं, म्हणून गावी येऊनही ही वही सुटत नाही. तिथला नियम असा की मशीनचा वेगळा आवाज आला तर आधी नोंद करायची. घरातले आवाज नोंदवायला मात्र लॉगबुकं पुरायची नाहीत.

खरी काळजी शिमग्याची. देवीच्या पालखीचा पुढचा उजवा खांदा आमच्या घराचा. आजोबांचा, मग बाबांचा, मग माझा. पोफळीहून दर वर्षी रजा टाकून आलो, एक शिमगा चुकवला नाही. साठी झाली की खांदा मुलाला द्यायचा ही गावकीची रीत. गेल्या साली मी एक वर्ष मागून घेतलं. यंदा ऋत्विक उभा राहिला नाही तर मान पुढच्या घराला जाणार, म्हणजे चुलतभाऊ गंगारामला. त्याचा गौरव दंड चोळत बसलेलाच आहे.

माझी मान वळत नाही. मागून हाक आली तर मी आख्खा वळतो. आजोबा तसेच होते, बाबा तर शेवटी शेवटी जमीन बघतच चालायचे. गावात म्हणतात, देवीने ज्याचा खांदा घेतला त्याची मान ती परत देत नाही. म्हणून वाकलो तरी मला त्याची लाज नाही. लोक आम्हा शिवगणांतल्या वाकलेल्याला आधी चहा देतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ऋत्विकला सक्तीचा आराम. गादीखाली फळी घातली, बाजारातून तेल आणवलं, हिने विटा तापवून शेकलं. हलायचं नाही म्हणून बजावलं. तीन दिवस आराम करून पोरगा जास्तच आखडला. आता काय बोलायचं?

गावात एकाला पाठ दुखली की गावभर डॉक्टर होतात. शेजारची तुळसाकाकू म्हणाली, वाताचं आहे, वाल-पावटे बंद करा. झालं, कमळाबाईंनी म्हणजे आमच्या हिने पावटे, बटाटे, चण्याची डाळ सगळं बंद केलं. आजारी तो आणि पेज मी जेवतोय.

अक्षया म्हणाली, त्याला झोपवून ठेवू नका, चालू दे. मी म्हटलं, तू गोळ्या विकतेस, लिहून देत नाहीस. मग तिने परस्पर नंबर लावला. कोल्हापूरच्या एक डॉक्टरीणबाई दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी रत्नागिरीत येतात, फक्त सांध्यांचं बघतात म्हणे. घरात मला विचारण्याची पद्धत कधी बंद झाली, त्याची नोंद सापडत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

नंबर सतरावा. अडीच तास बाकड्यावर. ऋत्विक बसून बसून आखडला आणि दवाखान्यात येरझाऱ्या घालू लागला. लोकांना वाटलं, बायको आत बाळंत होतेय.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या आतल्या. पण विचारतात मात्र वकिलासारख्या. सकाळी किती वेळ आखडतं? चाललं की मोकळं होतं का? पहाटे दुखण्याने जाग येते का? ऋत्विक प्रत्येकाला हो म्हणाला. कधीपासून, तर तीन वर्षं. तीन वर्षं! आणि मी घरातच राहतो.

मग त्याला भिंतीला टेकून उभा केला, टाचा लावून. डोकं मागे लागलं. बाई म्हणाल्या, छान. मग माझ्याकडे बघत राहिल्या. काका, तुम्ही पण उभे राहता का? मी म्हटलं, पेशंट तो आहे. मान कधीपासून वळत नाही, विचारलं. मी पालखीचं सांगितलं, आजोबांपासून सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मध्ये कधी डोळा लाल होऊन दुखायचा का? मी म्हटलं, पोफळीत व्हायचा, वेल्डिंगच्या उजेडाने. मी वेल्डिंग कधी करत नव्हतो ही गोष्ट वेगळी, पण शेजारी चालायचं.

रक्त तपासायला सांगितलं आणि कमरेचा एमआरआय. मुलाच्या पाठीसाठी गेलो आणि माझा डोळा तपासून आलो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी खळ्यात सरावाचा बांबू काढला. दोन्ही टोकांना भाताची पोती बांधली. ऋत्विकने सहज उचलला, दोन फेऱ्या मारल्या, गुडघ्यात लवून नाचवलाही. सकाळी आजारी आणि संध्याकाळी पैलवान! असला कसला आजार? मी तोंडावर म्हटलं, ही सोंगं आहेत.

अक्षया पायरीवर बसली होती. म्हणाली, "बाबा, सकाळचं तसंच असतं. उठताना वाटतं, कमरेत कोणी सिमेंट ओतलंय."

मी म्हटलं, तुला काय ठाऊक? ती उठून आत गेली. हल्ली ह्या घरात कोणाला काही विचारायची सोय नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आजाराचं नाव अँकायलोझिंग स्पाँडिलायटिस. चिठ्ठीवर लिहून घेतलं, घरी येईपर्यंत चार वेळा वाचलं तरी जीभ वळत नाही. कमरेच्या सांध्यांना आतून सूज आणि मग हळूहळू मणक्यांची हाडं एकमेकांना जुळत जातात. कोणाकोणाचा डोळाही लाल होऊन दुखतो म्हणे.

सकाळी निघताना अक्षयाने प्रश्नांची यादी दिली. वहीचा फाडलेला कागद, सुवाच्य अक्षरात सात प्रश्न. तिला दुकानातून सुट्टी नव्हती. म्हणाली, एकेक विचारा, गाळू नका.

पहिला, बरा होतो का? पूर्ण जात नाही, पण आवरता येतो. दुसरा, आराम करावा का? नाही. आरामाने वाढतो, चालण्याने कमी होतो. रोज व्यायाम, पातळ उशी, थोडा वेळ पालथं झोपणं. म्हणजे विटा, फळी, सगळं उलटं. तिसरा, पथ्य? सिगारेट नको, बाकी पथ्य काही नाही, वाल-पावटे खुशाल खा. हे ऐकून तेवढं बरं वाटलं. चौथा, गोळ्या कायमच्या का? सध्या रोज घ्यायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत, लागलं तर पुढे इंजेक्शन.

पाचवा, लग्न करावं का आणि समोरच्यांना सांगावं का? करावं, सांगावं. इथपर्यंत ठीक.

सहावा मी मोठ्याने वाचला आणि माझीच पंचाईत झाली. गरोदरपणात औषधं चालतात का, बाळंतपणाला त्रास होतो का? ऋत्विक जमिनीकडे बघायला लागला. आता ह्याला काय बाळंतपण आहे? ह्या पोरीचं डोकं कुठे असतं? मी म्हटलं, सोडा बाई, पोरीने काहीतरी लिहिलंय. पण त्या सोडेनात. म्हणाल्या, बाळंतपण होतं, मुलं होतात, आधी येऊन औषधांचं ठरवायचं एवढंच. हे माझ्याकडे बघून सांगितलं. मीही मान डोलावल्यासारखं केलं, जेवढी डोलते तेवढी.

सातवा, मुलींनाही होतो का? आपल्याला लागू नाही म्हणून मी विचारलाच नाही. बाहेर वीस माणसं बसलेली.

शेवटी माझा स्वतःचा प्रश्न, शिमग्याचा. पालखी चौदा मार्चला. बाई म्हणाल्या, सूज आहे तोवर धक्के नकोत, पुढच्या वर्षी बघू. आणि तुम्ही तर मुळीच नाही काका, तुमच्या मणक्यांचा एक दांडा झालाय, पडलात तर मोडेल.

मी म्हटलं, हे देवीचं आहे. त्या म्हणाल्या, "हे रक्तातून येतं, काका. तुमच्या वडिलांकडून तुम्हाला, तुमच्याकडून मुलांना. तुमची पाठ आता सरळ होणार नाही. मुलांची वाकू द्यायची नाही, तेवढं आपल्या हातात आहे."

माझ्यासारखी वाकू द्यायची नाही म्हणजे काय? मी काय वाईट उदाहरण आहे?

घरी अक्षयाने यादी परत मागितली. सगळे विचारले ना? मी हो म्हटलं. सातव्याला काय म्हणाल्या? मी म्हटलं, काही विशेष नाही. कागद घडी करून तिने पर्समध्ये ठेवला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

रक्ताचं वगैरे मला काही पटलेलं नाही. ऋत्विक अठराव्या वर्षापासून पालखीला मागून खांदा देतो. माझं म्हणणं, देवीने ह्याचा खांदा लवकर घेतलान. इथे खरं लिहितो, हे मनात आलं तेव्हा मला थोडं बरंच वाटलं. पोरगा आपल्या घराण्याचा निघाला.

गोळ्यांनी त्याला उतार आहे. आज सहाला उठला आणि बहिणीबरोबर पडवीत फेऱ्या. आता दोघांच्या चपला. दोघं काहीतरी बोलत होती, मी गेलो तर गप्प झाली.

दुसरी डोकेदुखी. सावर्ड्याहून अक्षयासाठी स्थळ आलंय. मुलगा शाळेत शिक्षक, घर चांगलं, पत्रिका जुळते. ही नाही म्हणते. कारण विचारलं तर कारण नाही. कमळा म्हणाली, गो बाय, कोणी मनात आहे का, सांग. तर तेही नाही. मग काय आहे? चोवीस संपून पंचविसावं लागलं. भांडी घासताना कमरेवर हात ठेवून उभी राहिली, हिने विचारलं तर म्हणाली, दुकानात उभं राहून राहून दुखते. बायकांची कंबर काय, दुखतेच.

५ मार्च, बुधवार

गावकीची बैठक देवळात. मी सांगितलं की ऋत्विकला डॉक्टरांची मनाई आहे, यंदाही खांदा मीच देईन. गंगाराम तयारीतच आला होता. म्हणाला, "हरीभाव, तुझी मान देवीनं कधीच घेतलीन. आता पाठ पण देतोस काय? गौरवला उभा करतो, मान तुझ्याच घराचा राहील."

तुझ्याच घराचा राहील! एकदा गेलेला खांदा परत आल्याचं आमच्या गावात कोणी ऐकलेलं नाही. मी उभा राहिलो आणि म्हटलं, मी जिवंत आहे. गुरवाने कौल मागायचं सुचवलं, तेव्हा मीच नको म्हटलं. कौल उलटा लागला असता तर?

घरी ऋत्विक म्हणाला, बाबा पडलात तर? मी म्हटलं, तू उभा राहिला असतास तर ही वेळ आली नसती. बोलायला नको होतं. पण बोललो.

१५ मार्च, शनिवार

काल होम झाला, पालखी नाचली, पुढचा उजवा खांदा मी दिला. पडलो नाही. बाकीच्या तिघांनी भार उचलून धरला होता हे मला कळत होतं. गंगाराम माझ्या डाव्या अंगाला सारखा चिकटून चालत होता. मी पडायची तो वाट बघतोय असं वाटलं. मग एका वळणावर पाय अडखळला तेव्हा त्यानेच दंड धरला, आणि नंतर सोडला नाही.

पण लिहायचं ते आजचं आहे.

आज पालखी घरोघर. दुपारी आमच्या खळ्यात आली. सून नाही, म्हणून ओटीचं ताट अक्षयाने आणायचं. तीन दिवस घर सारवणं, पुरणपोळ्या, पाहुणे, सगळं त्या दोघींनी ओढलेलं. दांड्याखाली मला वरचं काही दिसत नाही. समोरच्या माणसाचे पाय, फार तर कंबर. तेवढंच मी बघत होतो.

हिरवी साडी आली. ताट पाटावर ठेवायला वाकली ती मध्येच थांबली. एक हात गुडघ्यावर, मग मांडीवर, मग ताट खाली. नमस्काराला गुडघे टेकले आणि उठताना पाटाची कड धरली, कुशीवर वळून. तेवढ्यात मागून कमळाने हाक मारली, अक्षया, हळद राहिली गो.

ती आख्खी वळली. मान नाही, खांदे नाहीत, पायांपासून आख्खी. माझे बाबा वळायचे तशी. मी वळतो तशी.

आमच्यात बायका पालखीला खांदा देत नाहीत. दांड्याला हातसुद्धा लावत नाहीत. देवीने हिचा खांदा कधी घेतलान?

गुरव गाऱ्हाणं घालत होता. ह्या घराची लेकरं सुखी ठेव, होय महाराजा. सगळ्यांनी होय महाराजा म्हटलं. मी गंगारामला म्हटलं, गौरवला बोलाव. त्याला वाटलं, मला चक्कर आली. मी म्हटलं, चक्कर नाही, खांदा घे म्हणावं. गौरव आला, वाकला, दांडा माझ्या खांद्यावरून त्याच्या खांद्यावर गेला. पालखी पुढच्या घराला गेली आणि मी खळ्यात उभा राहिलो.

१७ मार्च, सोमवार

ही वही पहिल्यापासून वाचून काढली. पहाटे फेऱ्या. सकाळचं तसंच असतं, बाबा. गरोदरपणात औषधं चालतात का? लग्नाला नाही, कारण नाही. भांडी घासताना कमरेवर हात. सगळं माझ्याच अक्षरात, तारखेसह.

वीजघरात एकदा नवीन पोराने सलग सहा पाळ्यांना बेअरिंगचा आवाज लिहिला आणि मशीन बघितलंच नाही. त्याला मी सगळ्यांदेखत झापला होता. नोंद कशाला करतोस रे, वही भरायला?

दुपारी अक्षयाला विचारलं, कधीपासून? ती ताटं पुसत होती. म्हणाली, बारावीपासून. मी म्हटलं, सात वर्षं? सांगायचं नाही?

ती म्हणाली, "सांगितलं होतं बाबा. तुम्ही म्हणालात, बायकांची कंबर दुखतेच."

आठवत नाही. पण म्हटलं असणार. गेल्या महिन्यातच इथे लिहिलंय.

दुकानातल्या दुखण्याच्या गोळ्या ती आपल्या मनाने घेत आली. स्वतःचा नंबर का लावला नाहीस, तर म्हणाली, आधी ऋत्विकचं कळू दे म्हटलं, आणि मला झालंय म्हटल्यावर स्थळवाल्यांना कोण काय सांगणार? मला भयंकर राग आला. कोणावर, ते लिहायची गरज नाही.

२२ मार्च, शनिवार

नंबर अकरावा. आज दोघांना घेऊन गेलो. अक्षया दुकानात सुट्टी मिळणार नाही म्हणत होती, मी मालकाला फोन केला. मालक काही बोलायच्या आत ठेवून दिला.

आत गेल्यावर बाई ऋत्विकची फाईल उघडायला लागल्या. मी म्हटलं, थांबा, मागच्या वेळी एक प्रश्न राहिला. अक्षयाकडे हात केला. तिने पर्समधून कागद काढला. मी चष्मा लावून वाचला, सातवा, मुलींनाही होतो का?

बाई म्हणाल्या, "होतो. खूप जणींना होतो. फक्त कळायला उशीर होतो, कारण त्यांना कोणी विचारत नाही."

मी म्हटलं, मग आधी हिला बघा.

तपासलं. रक्त, एमआरआय सांगितलं. पण बाईंना काय वाटतं ते तोंडावरून दिसत होतं. उशीर झालाय, फार नाही, म्हणाल्या. भिंतीला उभं केलं. अक्षयाने टाचा लावल्या, पाठ लावली, आणि डोकं मागे नेलं. जरा वेळ लागला. पण लागलं.

मग मी आपण होऊन उठलो आणि तिच्या शेजारी उभा राहिलो. टाचा लागल्या. डोकं काही लागेना. डोळे मिटून जोर केला. ऋत्विकने मध्ये हात घालून बघितला, आख्खा पंजा मावला. बाईंनी माझाही कागद काढायला सांगितलं, ह्या वेळी मी वाद घातला नाही. पोफळीतला डोळा वेल्डिंगचा नव्हता, हेही सांगून टाकलं.

अक्षया दारातून बाहेर पडताना म्हणाली, सावर्ड्याच्यांना मी स्वतः सांगेन. मी म्हटलं, सांग. आणि ते नाही म्हणाले तर मला सांग, मी येतो त्यांच्याकडे. ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, नको बाबा, तुम्ही येऊ नका.

२३ मार्च, रविवार

पहाटे पाच. पडवीत फेऱ्या. ऋत्विक, अक्षया आणि मी. टोकाला गेलो की तिघंही आख्खे वळतो, पण बाईंनी सांगितलंय म्हणून ती दोघं मान वळवून बघायचा सराव करतात. मी अंगण बघत चालतो.

कमळा उठून दारात आली. म्हणाली, आधी एकटी झोप मोडायची, मग दोघं, आता तिघं मोडता. मग चहा टाकायला गेली. आज न्याहारीला पावट्याची उसळ आहे.